खळीचा वास

बोट सुटायच्या दिवशी लालबागहून बॅलार्ड पियरला जायला दोन टॅक्स्या सांगितल्या होत्या. पहिलीत आई, बाबा, वहिनी आणि मी. दुसरीत माझ्या ट्रंका आणि चाळीतली उत्साही मंडळी. आई बसली आणि दार लागायच्या आधीच ड्रायव्हरला मालवणीत म्हणाली, "थंयसून नको हां बाबा. लांबसून ने, पण थंयसून नको." ड्रायव्हर उत्तरेकडचा, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, फाउंटनवरून नको म्हणतेय. तो म्हणाला, "अरे माई, फाउंटन रस्ते में आता ही नहीं." खरंच येत नव्हतं. भायखळा, महंमद अली रोड, बोरीबंदर, तिथून डावीकडे वळलं की गोदी. तरी बोरीबंदर दिसायला लागल्यावर आईने पदर डोळ्यांवर ओढला, तो धक्क्यावर उतरेपर्यंत काढला नाही. वहिनी मात्र काचेतून सरळ बाहेर बघत होती. मी कुठे बघत होतो ते आठवत नाही.

माझ्या मोठ्या भावाला, दादाला, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे आमच्या चाळीत राहिले त्यांना दादा आठवत असेल. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्या ज्या मुलांनी त्याला कधी पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. दादा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर होता. मी मॅट्रिक झालो, पुढे बी.कॉम. झालो, ते त्याच्या साच्यांच्या जोरावर. मला नोकरी लागली ती सरकारच्या स्टोअर्स खात्यात. सरकारला टाचणीपासून तंबूपर्यंत जे जे लागतं ते टेंडर काढून, म्हणजे व्यापाऱ्यांकडून सीलबंद पाकिटात भाव मागवून, विकत घ्यायचं, हे आमचं काम. दादाला याची फार गंमत वाटायची. "सरकारचो बाजार करतंस," तो म्हणायचा, "आणि घरात भेंडी हाडतंस ती निबर." आणि वर आईला सांगायचा, की याच्या हातात पिशवी देऊ नकोस, हा भेंडीवाल्यांकडून सीलबंद पाकिटं मागवेल.

मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाने आपल्या सरकारकडे माणसं मागितली. देशाचं नाव मुद्दाम घेत नाही. गोरे साहेब असेतो त्या देशाची सगळी खरेदी लंडनमधल्या एका एजंटामार्फत व्हायची. खडूसुद्धा तिकडून यायचा. आता त्यांना स्वतःचे नियम हवे होते, आणि ते बसवून द्यायला कुणीतरी हवं होतं. माझ्या साहेबांनी माझं नाव पुढे केलं. बाबा खूश झाले, आई हादरली. समुद्र ओलांडून जायचं म्हणजे देवाला विचारल्याशिवाय कसं? आमच्या गावी, मालवणकडे, अजून कौल घेतात. गुरव देवाच्या मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न सगळ्यांसमक्ष मोठ्याने म्हणतो, आणि मग सगळे गप्प उभे राहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मला रजा नव्हती. गेला दादा. खाडा करून, भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेला आणि उजवा कौल घेऊन आला. खोलीत शिरताच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा रे. देवान टेंडर पास केल्यान."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पहिली पाळी संपवून तो साचेखात्यातल्या मंडळींबरोबर मोर्चात फोर्टाकडे गेला. मुंबई महाराष्ट्राची, हे सांगायला अख्खं गिरणगावच निघालं होतं. त्यात विशेष असं काही नव्हतं. जाताना वहिनीला म्हणाला, "येताना बांगडे हाडतंय, वाटप करून ठेव." वहिनीने पाट्यावर ओल्या खोबऱ्याचं वाटप वाटून ठेवलं. फाउंटनजवळ गोळीबार झाला. इस्पितळात त्याला ओळखायला मला पाठवलं. चेहऱ्याकडे बघायच्या आधीच मी त्याला ओळखलं होतं, सदऱ्याच्या वासावरून. सुताला आणि कापडाला कडकपणा यावा म्हणून गिरणीत खळ देतात. प्रत्येक गिरणीची खळ निराळी. दादाच्या गिरणीत चिंचोक्याचं पीठ आणि चरबी घालत. आंबूस, थोडासा तेलकट वास. मी लहानपणापासून त्या वासाच्या कुशीत झोपलो होतो.

दिवस झाल्यावर एका दुपारी आई भिंतीकडे बघत म्हणाली, "देवाक तुझ्यासाठी विचारला. तेच्यासाठी कोणी विचारूक नाय." तिने मला दोष दिला नाही. पण ते वाक्य माझ्याबरोबर बोटीत चढलं. समुद्रापलीकडे जाणाऱ्यासाठी आम्ही कौल घेतला. लालबागहून फोर्टात जाणाऱ्यासाठी कोण घेतो? अशी चूक आमच्यासारखी माणसंच करू जाणोत. ज्याच्यासाठी विचारलं तो मी धडधाकट राहिलो, आणि जो विचारायला गेला तो गेला.

त्या देशात मी उतरलो आणि कामाला लागलो. कामात बुडून घेणं सोपं होतं, कारण काम डोंगराएवढं होतं. मी त्यांना सांगायचो, की टेंडरची जाहिरात वर्तमानपत्रात द्या, म्हणजे तुमच्या गावातल्या सुतारालाही कळेल की शाळांना बाकं हवी आहेत. हव्या असलेल्या मालाचं वर्णन असं लिहा की त्यात कुठल्याही एका व्यापाऱ्याचा चेहरा दिसता कामा नये. सँपलवर नाव नको, फक्त नंबर. आणि पाकिटं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फोडा. खात्याचे सेक्रेटरी लंडनला शिकलेले, उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांना हे सगळं पटायचं, पण सगळ्यांसमोर पाकिटं फोडायची म्हटलं की त्यांना ते बाजारू वाटायचं. एकदा मी त्यांना आमच्या कौलाची पद्धत सांगितली. प्रश्न मोठ्याने, कळ्या सगळ्यांसमोर, एकदा चिकटवल्यावर कुणी हात लावायचा नाही. ते खूप हसले. म्हणाले, "आणि तुमच्या देवाने एखाद्या पार्टीकडून काही घेतलं तर?" मी म्हटलं, "आमचा देव गरीब आहे, पण सरकारी नोकर नाही." त्या दिवसापासून आमचं जमलं. दादाचं मात्र मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

मग त्यांच्या पोलिसांसाठी खाकी कापड घ्यायचं ठरलं. सेक्रेटरी म्हणाले, "कापड तर तुमच्याच शहरात होतं. तिकडूनच मागवू, टेंडर कशाला?" मी म्हटलं, कशाला म्हणजे? तुम्ही मला बोलावलंत तेच मुळी यासाठी. शेवटी टेंडरच निघालं. त्याच सुमाराला आईचं पत्र आलं होतं. चाळीतले मास्तर तिची पत्रं लिहून द्यायचे. वहिनीला दादाच्याच गिरणीत, कांड्यांवर सूत भरायच्या वाइंडिंग खात्यात, बदलीचं काम मिळालं होतं. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, आत घेतलं तर काम, नाही तर घर. सध्या काम कमी आहे, बहुतेक दिवस ती परतच येते, असं आईने कळवलं होतं. त्या गिरणीला परदेशची मोठी ऑर्डर मिळाली तर काय होईल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सँपल तपासायच्या दिवशी मी माल निवडणाऱ्या कमिटीच्या खोलीत सगळ्यांच्या आधी गेलो. टेबलावर नंबर लावलेले तुकडे मांडून ठेवले होते. दार उघडलं आणि दादा खोलीत होता. याहून वेगळं मला सांगता येत नाही. मी त्याला पाहिलं नाही. पण तो माझ्या पाठीशी, पाळीवरून आल्यावर उभा राहायचा तसा उभा होता. कापसाच्या धुळीने विणकरांना येतो तो कोरडा खोकला मला ऐकू आला. मी वळलो नाही. वळलो तर तिथे भिंत असेल, याची मला भीती वाटली.

कमिटीचे पाचही जण येऊन बसले. मी म्हटलं, "तीन नंबरचा तुकडा कुठल्या गिरणीचा आहे ते मला कळलंय. माझी वहिनी त्या गिरणीत कामाला आहे. मी या निर्णयाला बसणार नाही." सेक्रेटरींनी तुकडा उलटापालटा केला. "नाव तर कुठेच नाही. कळलं कसं?" मी म्हटलं, वासाने. पाचही जणांनी आळीपाळीने तो तुकडा हुंगला, आणि एकमेकांकडे बघितलं. त्यांना कापडाचा वास आला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलो. आयुष्यात मी असा दोन बाजूंनी कधी ओढला गेलो नव्हतो. वहिनीचं पोट भरावं म्हणून ते कापड पास व्हावं असं वाटत होतं, आणि ते खाकी होतं, पोलिसांच्या अंगावर चढणार होतं, म्हणून होऊ नये असंही वाटत होतं. दादावर गोळ्या झाडणारे पोलीसही आमच्याच कोकणातले कुणाचे तरी मुलगे असतील, हेही ठाऊक होतं. त्याने काही सोपं होत नव्हतं.

कापड पास झालं. धुवून बघितलं, ताणून बघितलं, उन्हात ठेवून बघितलं; भावही सगळ्यात कमी निघाला. माझ्याशिवाय झालं.

गासड्या आल्या आणि गोदीजवळच्या गोदामात त्यांची थप्पी लागली. तपासणीला मी कारण नसतानाही जायचो. गोदामाचा पत्रा तापला की खळीचा वास उठायचा, आणि मग दादा यायचा. कधी खोकायचा, कधी नुसता असायचा. मी त्याच्याशी बोलू लागलो. घरची खबर सांगायचो, सेक्रेटरींची नक्कल करून दाखवायचो. तिथल्या हमालांनी मला वेडा म्हटलं असेल तर त्यांची चूक नाही. पण खोटं कशाला बोलू, मी तिथे सुखात होतो. नव्या देशात रुळायला लोकांना वर्षं लागतात. मला लागली नाहीत, कारण माझा माणूस तिथे होता. एकदा गोदी कामगारांचा मोर्चा आमच्या कचेरीवरून गेला. समोर पोलीस उभे होते, कोऱ्या करकरीत खाकीत. मी खिडकीचे गज धरून उभा राहिलो. काही झालं नाही. मोर्चा पुढे गेला, पोलीस सावलीला जाऊन बसले.

पहिल्या रजेत मी घरी आलो तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता. चाळीच्या जिन्यावर अजून पताका होत्या. खाली हारात दादाचा फोटो होता आणि येणारेजाणारे त्याला हात जोडत होते. दुपारी आई-बाबा आडवे झाले होते. वहिनी पाळीवरून आली, केसांतला कापूस झाडला आणि तांदूळ निवडायला बसली. म्हणाली, "भावजी, कामाचा आता बरा आसा. ती तुमची ऑर्डर इल्यापासून रोज आत घेतत." मी म्हटलं, ती मी दिलेली नाही, मी खोलीबाहेर होतो. "मगे कोणी दिल्यानी?" पाच जणांनी, सगळ्यांसमोर. "मगे चांगला," ती म्हणाली.

न राहवून मी विचारलं, "खाकीचं सूत भरताना तुला काही वाटत नाही?"

"काय वाटतला? सूत ता सूत."

तेव्हा मी तिला सांगितलं. दादा तिकडे येतो म्हणून सांगितलं. गोदाम, वास, खोकला, सगळं. मला वाटलं होतं की ती रडेल, किंवा मला डॉक्टर दाखव म्हणेल. तिचा हात सुपात थांबला.

"खोकतत?"

"हो."

"कोरडो?"

"हो, कोरडाच."

तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग माझ्याकडे न बघता, आणि मी कधीच न ऐकलेल्या रागाने म्हणाली, "मी रोज तेंच्याच खात्यावरून जातंय. तोच वास, तेच साचे. माझ्याकडे एकदाय इले नाय. तुमच्याकडे समुद्र वलांडून येतत." सूप तिने बाजूला सारलं. "तेंका सांगा, एकदा हंय येवन जावा म्हणान."

परत गेल्यावर कितीतरी दिवस मी गोदामात गेलोच नाही. निरोप द्यायचा की नाही, हे माझ्या हातात होतं. नियम लावायला इथे कमिटी नव्हती आणि मी खोलीबाहेरही जाऊ शकत नव्हतो. शेवटी एका दुपारी गेलो. पत्रा तापला होता. खोकला आला. मी गासडीवर हात ठेवला आणि म्हटलं, "दादा, वहिनी बोलावता. घरा जा."

तो गेला. पुढच्या खेपेला गासड्या आल्या, त्यांना नुसता कापडाचा वास होता. गिरणीने खळीचं मिश्रण बदललं असेल. खरेदीतला माणूस म्हणून मी हेच कारण लिहीन. वहिनीकडे तो पोचला का, हे विचारायचं धाडस मला पुढच्या कुठल्याच रजेत झालं नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही. माझी इथली नोकरी वाढत गेली, बायको आली, घर बांधलं. मी बसवलेले नियम अजून चालतात म्हणे. लोक विचारतात, तुम्ही परदेशात केव्हापासून? मी बोट लागली ते वर्ष सांगतो. पण खरं सांगायचं तर दादाला घरी पाठवलं, त्या दुपारपासून.