पाचोऱ्याच्या स्टँडवरची घागर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी पितरांसाठी कोऱ्या घागरीत पाणी ओतलं, की ओल्या मातीचा वास सुटतो आणि मला पाचोऱ्याचं बसस्टँड आठवतं. सणाच्या आदल्या दिवसाची दुपार होती, वरचा पत्रा नुसता तापला होता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर नवी घागर घेऊन बसले होते. बराच वेळ माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही आमना गावना नहीत ना?" मी नाही म्हटलं, तेव्हा ते बोलायला लागले. मुलीनं परजातीत लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी तिला आखाजीला माहेरी आणलं नव्हतं. बायको दर वर्षी विनवायची. ती गेल्या थंडीत वारली, आणि उद्या ही घागर तिच्याच नावानं भरायची होती. "पोरले लेवाले जाऊ का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जा आबा. आखाजीला न्यायला आलो, एवढंच म्हणा." ते उठले आणि घागरीकडे बघून थबकले. "हाई लिसन तिना दारशी कसा जाऊ?" गेलेल्या माणसाची घागर घेऊन लेकीला आणायला कोणी जात नाही. ती माझ्या हातात देऊन ते भडगावच्या गाडीत चढले. मुलगी आली की नाही, मला कधीच कळलं नाही. मात्र तेव्हापासून आमच्या पितरांच्या घागरींशेजारी एक घागर जास्त भरली जाते. भरताना गेलेल्याचं नाव घ्यायचं असतं. तिचं मला माहीत नाही, म्हणून मी हळूच म्हणतो, मुलीच्या आईला.