कमानीची गाडी

माझी पहिली दोन बाळंतपणं रस्त्यातच संपली. बाळंतपणाला माहेरी जायचं, म्हणून दोन्ही वेळा तिवशाहून अमरावतीला बैलांच्या बंडीतून निघाले, आणि दोन्ही वेळा घात झाला. आमच्या काळ्या मातीतल्या चाकोऱ्या वाळल्या की दगड होतात. बंडी अशी आपटते की धडधाकट गड्याची आतडी गळ्याशी यावीत. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी निकालच लावला, "या खेपेले बंडीत पाय ठेवायचा नाई."

पण मला आईच हवी होती. अर्ध्या आळीची पोरं तिच्या हातून जन्मलेली, तिच्याशिवाय कुणाचा हात माझ्या अंगाला लागू द्यायला मी तयार नव्हते. दोन दिवस चूल सोडून कशाशी बोलले नाही. आमच्या ह्यांना माझं बोलणं सोसवत असे, मुकेपणा नाही.

त्या सुमारास दूरदेशी कुठे तरी गोऱ्यांची आपसात जुंपली होती आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. हातात पैसा खुळखुळत होता. कुणी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, कुणी तमाशाच्या फडावर उधळली. ह्यांनी अकोल्याच्या कापूसबाजारात एका साहेबाची गाडी पाहिली होती, खड्ड्यातून गेली तरी साहेबाची टोपी हलली नाही म्हणे. ह्यांनी मुंबईच्या एका कारखान्याला पत्र टाकलं की तशीच कमानीची गाडी पाठवा. घरात कुणाला विचारलं नाही. मला कळलं तेव्हा मी आधी भांडले आणि मग आत जाऊन रडले.

गाडी आली ती तुकड्यांनी. कापूस पोचवून रिकाम्या परतणाऱ्या बंड्यांनी दोन पेट्या आणून अंगणात टाकल्या. गवत उपसलं तशी दोन चाकं, ती जोडणारा आख, फळ्या, वाटीभर खिळे आणि एकावर एक पट्ट्या बसवलेल्या दोन जाडजूड लोखंडी कमानी निघाल्या. कशात काय बसवायचं ते सांगायला सोबत कुणी आलं नव्हतं.

"सुताराले बलावू काय?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याच्यात काय हाये?" हे म्हणाले. "दोन चाकाची तर गाडी."

हे खाली बसून ठोकत होते आणि सासूबाई बाजेवरून हुकूम सोडत होत्या. कमान कशी बसवायची यावर मात्र मायलेकांचं पटकन एकमत झालं. कमान म्हणजे देवळाच्या दाराला असते तशी, पाठ वर आणि टोकं खाली. टोकं आखावर करकचून आवळली, पाठीवर गाडीचा बसायचा साटा ठेवला. संध्याकाळी गाडी उभी राहिली, दिसायलाही झोकदार, फक्त चार लोखंडी कड्या उरल्या.

"जास्तीच्या धाडल्या असतीन," हे म्हणाले.

"मुंबईवाले फुकट देतेत काय तुले?" सासूबाई म्हणाल्या. मग पदर खोचून उभ्या राहिल्या. "हिच्या आदी मी बसीन."

ह्यांनी बैल जुंपले आणि गावाबाहेरच्या चाकोरीतून एक फेरी मारली. सासूबाई परत आल्या त्या कंबर धरून. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बंडी बरी याच्यापक्षा. कुठं जायचं नाई." ह्यांना मी काय काय बोलले ते लिहीत नाही, पण त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी शेवटचा उपाय म्हणून पिंजाऱ्याला बोलावलं. गाडीत घालायला हातभर जाडीची गादी करायची होती. म्हातारा पिंजारी मुसलमान, आमच्याशी हिंदीतच बोलायचा. तुळईला दोरी बांधता बांधता त्यानं आपलं धनुष्य माझ्याकडे केलं. "बहू, जरा कमान पकडना."

मी कमान धरली, त्यानं ती दोरीला टांगली आणि कापूस पिंजायला लागला. त्याच्या प्रत्येक ठोक्याला ती टांगलेली कमान खालीवर झुलत होती. मी तिच्याकडे बघितलं, अंगणातल्या गाडीकडे बघितलं, आणि कोनाड्यातल्या चार कड्या उचलून ह्यांच्यापुढे टाकल्या.

"अहो, ही कमान देवळाची नाही, पिंजाऱ्याची आहे. उलटी करा आणि टांगा."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. सासूबाई मात्र हसत सुटल्या, इतक्या की बाजेची कड धरून बसल्या. "देऊळ कधी हालते काय बापा! आन् आमी देवळावर बसून राह्यलो!"

दुपारभर खोलाखोल झाली. कमानीची पाठ आखावर बसवली, टोकं वर केली, साटा त्या टोकांना कड्यांनी टांगला. या खेपेला एकही तुकडा उरला नाही. सासूबाई पुन्हा चढल्या, पुन्हा त्याच चाकोरीतून फेरी झाली. गाडी दारात थांबली तरी त्या उतरेनात.

"उतरा ना आत्याबाई," मी म्हणाले. "लागलं का?"

त्या समोरच बघत होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"लागलं नाई," त्या म्हणाल्या. "कायच लागलं नाई. माये दोन वाचले असते."

त्यांचीही दोन बंडीतच गेली होती, हे इतकी वर्षं एका चुलीपाशी बसून त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी चाकावर पाय देऊन वर चढले आणि त्यांच्याजवळ बसले. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पेटी भर तुयी. आईकडं जा."

मी गेले, आणि सुखरूप पोचले. आईच्या हातून मुलगी झाली, आवाजाची ठणठणीत. न्यायला सासूबाई स्वतः आल्या, गाडी ह्यांनीच हाकत आणली होती. परतताना हे बैलांना अगदी पावलापावलानं चालवत होते. नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंनी थोडा वेळ ते सोसलं. मग मागून लेकाच्या पाठीत बोट खुपसलं.

"पयव ना बैल जरा. हिले समजू दे कमान काय असते ते."