भिंतीतली दारं

सुनीताच्या पायांवरून रक्त ओघळत होतं आणि पुढचं दार उघडत नव्हतं. वळवाच्या वाऱ्याने रस्त्यावरचं जुनं झाड आमच्या पडवीवर कोसळलं होतं. कौलं, वासे, फांद्या, सगळा ढीग दाराला टेकलेला. मागच्या गल्लीचं दार घरमालकाने न्हाणीघर बांधून कधीच बुजवलेलं. सुनीता माझी सून, आठवा महिना. आवाजाने दचकून उठली आणि लाल सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीवर आपटली. विलास, माझा मुलगा, म्हैसूरबाहेर हूटगळ्ळीला कारखान्यात. घरात आम्ही दोघीच.

उरलं एकच दार. परसातल्या भिंतीतलं, शेजारच्या पद्मम्मांकडे उघडणारं. ते त्यांनीच बंद केलं होतं, माझ्यामुळे.

संगमनेर सोडलं तेव्हा मी बोचक्यात सुकट बांधून आणली होती. आई म्हणायची, चूल पेटली की घर झालं, मग मागं बघायचं नाही. म्हैसूरला आल्यावर मी चूल पेटवली आणि सुकट भाजली. वास भिंतीपलीकडे गेला. त्याच दुपारी पलीकडून दाराला वाटायचा दगडी रगडा लोटल्याचा आवाज आला. पद्मम्मा सोवळ्याच्या. तेव्हापासून शब्द नाही, मी समोर आले की तोंड फिरवायच्या. मीही कमी नाही. दर रविवारी भाजायची.

त्या संध्याकाळी मी वरवंट्याने ते दार बडवलं. तोंडाला येईल ते मराठीत ओरडले. कानडी मला दोनच शब्द यायचे, बेकु म्हणजे हवं आणि बेडा म्हणजे नको. मग नुसतं बेकु, बेकु म्हणत राहिले.

पलीकडे रगडा सरकला. पद्मम्मा दारात उभ्या. पूजेसाठी नुकती अंघोळ केलेली, अंगावर ओलं लुगडं. सुनीताकडे बघितलं, तिच्या काखेत हात घातला आणि म्हणाल्या, "बन्नी."

या, म्हणाल्या. आणि आम्हाला थेट स्वयंपाकघरातून नेलं. तिथं त्यांची स्वतःची सून अंघोळीशिवाय पाऊल टाकत नाही. देवांपुढून रक्ताचा माग गेला. पद्मम्मा तोवर पुढच्या घराला हाका मारत होत्या. त्या भिंतीतही तसंच दार. त्याच्यापुढच्या भिंतीतही. एका ठिकाणी कपाट लावलं होतं, ते आतून दोघींनी ढकललं. घरं सगळी आमच्यासारखीच, तोच खांब, छतातून पडणारा तोच उजेड. मी माझ्याच घरातून पुन्हा पुन्हा चालतेय असं वाटत होतं, फक्त दर घरात नवी बाई हात द्यायला. शेवटचं घर पलीकडच्या रस्त्यावर उघडलं. रिक्षा आधीच थांबवलेली होती.

मग कळलं, ही दारं पहिल्यापासूनची. राजवाड्याच्या कचेऱ्यांत कारकुनी करणाऱ्यांनी, मास्तरांनी शंभर वर्षांपूर्वी ही घरं बांधली. पुरुष पुढच्या दाराने कामाला जायचे. बायका या दारांतून एकमेकींकडे जायच्या, गौरीला वाणाची सुपं घेऊन, बाळंतिणीला जेवण घेऊन. मी चौथी शिकलेली, मोठ्या इमारतींचं मला काही कळत नाही. इथला राजवाडा बघितला, दिवे बघितले, बरं वाटलं. पण तुटपुंज्या पगारात विटा मोजून भिंत बांधणाऱ्या माणसाने तिच्यात बाईला जायला जागा ठेवली, त्याच्यापुढे मला तो राजवाडा लहान वाटतो. संगमनेरच्या जावांनो, वाटणी झाल्यावर आपण मधली खिडकीसुद्धा विटांनी बुजवली होती. ती तुम्हीही बघितली आहे.

पद्मम्मा काही बदलल्या नाहीत. मी पाया पडायला गेले तर लांब उभं केलं. स्वयंपाकघर त्यांनी सारखं धुतलं असं त्यांची सून म्हणाली. मला एवढंच म्हणाल्या, "सुकट बेडा." मी म्हटलं, शनिवारी चालेल का? सुनेने कानडीत सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसल्या. रगडा मात्र परत लोटला नाही.

तुम्ही फोनवर विचारता, परत कधी येणार. विलास म्हणतो हूटगळ्ळीला नवी घरं होताहेत, तिकडे जाऊ. मी एकदा जाऊन बघून आले. चकचकीत आहे, भिंती चारी बाजूंनी बंद. मी त्याला सांगितलं, तुम्ही जा. मी इथंच मरेन. ज्या भिंतीपलीकडे माझी जात, भाषा, वास सगळ्यावरून तोंड फिरवणारी बाई आहे आणि हाक मारली तर दार उघडते, तेच माझं घर.

सुनीता जगली. मुलगीही जगली, आता ती शाळेत जाते.