तारेबाहेर आणलेली हरणी

रियाधला मी कफीलची, म्हणजे मला कामावर ठेवणाऱ्या अरब मालकाची, गाडी चालवायचो आणि रानात डेरा पडला की मेंढरूही मीच हलाल करायचो. माझा हात साफ. जनावराला तडफडू द्यायचो नाही. शाळा चौथीपर्यंतच, पण एवढं येत होतं.

त्या वर्षी बायको गावी वारली. सुट्टी मिळून मी रत्नागिरी गाठेपर्यंत तिला दफन करून झालं होतं. मूलबाळ नाही. रिकाम्या घरात बसून करू काय, म्हणून परत आलो.

थंडीत कफील एका पाहुण्याला घेऊन राखीव रानाच्या कडेला उतरला. तारेआत शिकार बंद. पाटी होती, शिवाय पहारेकरीही सकाळी बजावून गेला होता. तरी पाहुण्यानं तारेच्या फटीतून आपला शिकारी कुत्रा आत सोडलाच. कुत्र्यानं एक हरणी पिटाळत बाहेर आणली आणि आमच्या गाडीपुढे पाडली. मी धावत जाऊन कुत्र्याला मागे ओढलं आणि तिला गुडघ्याखाली दाबून धरलं. मांडीला थोडं फाटलं होतं, बाकी धडधाकट. सड दुधानं तटतटलेले.

"यल्ला, चल, सुरी काढ," पाहुणा म्हणाला.

"नाही काढत. कुंपणातली आहे."

"तारेबाहेर सापडली ना? मग आपली."

"सापडली कुठं? कुत्र्यानं आणली. आणि दुभती मादी आहे."

तो हसला. "मेंढरं कापताना बरा नर-मादी बघत नाहीस! घरी ने, दूध काढून चहा कर."

"मेंढरं तुमची, तुम्ही पाळलेली. ही तुमची नाही. आणि हिचं पिल्लू आत आहे."

कफील पुढं आला. एरवी माणूस वाईट नव्हता, पण पाहुण्यासमोर त्याची मान खाली जात होती.

"म्हाताऱ्या, तुझा इकामा, इथं राहायचा परवाना, माझ्या हातात आहे."

"असू दे, बाबा. पाठवा घरी. तिथं माझ्या पैशाची वाट बघणारं आता कोणी नाही."

मी गुडघा उचलला. ती धडपडत उठली नि फटीतून आत गेली. दिसेनाशी होईस्तोवर मी कुत्र्याचा पट्टा सोडला नाही. पाहुणा शिव्या घालत होता, घालू दिल्या.

घरी पाठवलं नाही. गाडी काढून घेतली आणि अल सुलै भागातल्या त्याच्या गोदामात तांदळाची पोती उचलायला लावलं. त्या वयात कंबर पार कामातून गेली.

पुढं एकदा कफील गोदामात आला. म्हणाला, "पाहुण्याची माफी माग, गाडी परत देतो."

"पोती बरी आहेत, बाबा," मी म्हटलं आणि पुढचं पोतं पाठीवर घेतलं.