मीठभाऊचं लाल लेबल

पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत सगळे त्याला मीठभाऊ म्हणत. बावीस वर्षं हेच नाव कानावर पडल्यावर खऱ्या नावाने हाक मारली, तरी तो वळून बघेल याची खात्री नव्हती. तळमजल्यावरची साध्या क्षारांची कोठी त्याच्या ताब्यात होती. पोटॅशियम क्लोराइड, सोडियम सल्फेट अशी सगळी गरीब मंडळी. ना कशाचा वास, ना धूर, ना भडका.

काम मात्र तो चोख करी. माल आला की बरणीवर आल्याची तारीख, झाकण उघडलं की उघडल्याची तारीख. जुनी बरणी पुढे, नवी मागे. चमचा कोरडा आणि प्रत्येक क्षाराला वेगळा. कुणी वरच्या मजल्यावरून उरलेली पूड परत आणली, तर तो ती बरणीत टाकू देत नसे. "घरून निघून गेलेल्याला मी परत घेत नाही," असं हसत म्हणे. कोठीत दमट हवा शिरू नये म्हणून खिडकीच्या फटीही त्याने स्वतः बुजवल्या होत्या. बावीस वर्षांत त्याच्या एका बरणीत कधी खडा झाला नव्हता.

पण खडा झाला नाही, ही काय सांगायची गोष्ट झाली?

सांगायच्या गोष्टी साडूकडे असत. त्याच बोळाच्या दुसऱ्या टोकाला आम्लांची खोली होती आणि ती मीठभाऊच्या साडूकडे होती. मीठभाऊची बायको थोरली, साडूची धाकटी. म्हणजे मानाने थोरला जावई मीठभाऊ. पण रविवारी सासरी जेवायला जमले की सासऱ्यांची खुर्ची आपोआप साडूकडे वळे.

"मग, या आठवड्यात काय?" सासरे विचारत.

साडू सांगे. नायट्रिक आम्लाची बाटली कशी तडकली, मुखवटा घालून आपण आत कसे गेलो. मेव्हणी कौतुकाने ऐके, पोरं घास हातात धरून बसत. सगळं सांगून झालं की सासरे मीठभाऊकडे वळत. "आणि तुमचं? सगळं कोरडं ना?"

"कोरडं आहे," मीठभाऊ म्हणे आणि त्याच्या पोटात दुखायला लागे.

साडू भाव खाणारा असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो तसाही नव्हता. "दादा, तुमच्या कोठीसारखी शिस्त माझ्याकडे नाही," असं तो सगळ्यांसमोर म्हणे, आणि मीठभाऊला ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटे. साडूचा जाड रबरी अंगरखा बोळात खुंटीला टांगलेला असे. येताजाता मीठभाऊची नजर त्यावर जाई. एकदा कुणी नाही असं पाहून त्याने तो अंगाला लावूनही बघितला. खांद्यात घट्ट झाला. साडूपेक्षा आपले खांदे रुंद आहेत, एवढ्यावर त्याने आठवडाभर समाधान मानलं.

मग एक दिवस तपासणीला वरच्या कचेरीतून दोन माणसं आली. आम्लांच्या खोलीत ती तासभर रमली. कोठीच्या दारात उभं राहून एक जण आत डोकावला आणि म्हणाला, "इथे काय, मीठच आहे," आणि दोघंही निघून गेली. बावीस वर्षांच्या तारखा कुणी वाचल्यासुद्धा नाहीत.

त्या दुपारी मीठभाऊच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. लेबलांच्या खणातून त्याने एक लाल लेबल काढलं. कवटी, दोन हाडं, खाली मोठ्या अक्षरात 'विषारी'. पोटॅशियम क्लोराइडच्या सर्वांत मोठ्या बरणीवर त्याने ते नीट, एकही सुरकुती न पडू देता चिकटवलं. मनाशी म्हणाला, पुढच्या खेपेला थांबतील तरी.

पाचव्या दिवशी सफाईवाली मावशी फळी पुसत होती. तिच्या कोपराचा धक्का लागून ती बरणी खाली आली आणि फुटली. पांढरी पूड उडाली, थोडी तिच्या डोळ्यात गेली. डोळा चुरचुरला तशी तिने खाली बघितलं, तर काचेच्या तुकड्यावरची कवटी तिच्याकडेच बघत होती. ती मटकन भिंतीशी बसली. "गेला माझा डोळा," एवढंच म्हणाली.

लोक धावत आले आणि लेबल बघून दारातच थबकले. "हात लावू नका तिला," कुणीतरी ओरडलं. मजला रिकामा करायची घंटा वाजली. नळ तिच्यापासून चार पावलांवर होता आणि तिला तिथवर न्यायला एकही माणूस पुढे येत नव्हता.

मीठभाऊ बोळात होता. साडू अंगरखा चढवत, मुखवटा बांधत पळत येताना त्याला दिसला. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. अशा वेळीही मीठभाऊच्या मनात पहिला विचार हाच आला, की माझ्या कोठीतसुद्धा हाच वाचवणार.

पुढच्या क्षणी त्याची त्यालाच शिसारी आली. तो साडूला मागे सारून आत शिरला, मावशीला त्याने धरून नळाशी नेलं आणि तिचा डोळा उघडा धरून पाण्याची बारीक धार सोडली.

"मावशी, घाबरू नका. विष नाही, साधा क्षार आहे. ते लेबल खोटं आहे. मी लावलं होतं."

बोलला तो मावशीशी, पण दारातल्या सगळ्यांनी ऐकलं. साडूने मुखवटा हळूच खाली केला. मीठभाऊ घड्याळाकडे बघत पूर्ण पंधरा मिनिटं पाणी घालत राहिला. नंतर साडूनेच ओल्या फडक्याने पूड टिपून घेतली आणि काचा गोळा केल्या.

डॉक्टरांनी डोळा तपासला. लाली दोन दिवसांत जाईल, म्हणाले. प्रमुख बाईंनी मीठभाऊला खोलीत बोलावलं. त्या आवाज चढवत नसत, ते जास्त लागे.

"तुमच्या लेबलामुळे तिच्या डोळ्याला पाणी मिळायला उशीर झाला. आणि उद्या खरं विष सांडलं आणि लोक म्हणाले, हे मीठभाऊचं असेल, तर?"

बाईंनी लेखी ताकीद दिली आणि कोठीतली प्रत्येक बरणी पुन्हा तपासून द्यायला सांगितली. त्याने ते काम तीन दिवसांत पुरं केलं. मावशी चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी कोठी पुसायला आली तेव्हा म्हणाली, "यातलं खरं काय नि खोटं काय, आधी सांग. मग फडकं लावते." त्याने तिला एकेक बरणी दाखवून सांगितलं.

रविवारी सासरी जाताना मीठभाऊने मनाशी धरलंच होतं. आता सगळा पाढा वाचला जाणार. ताटं मांडली गेली, सासऱ्यांची खुर्ची वळली. "मग, या आठवड्यात काय?"

"काही नाही. शांत होतं सगळं," साडू म्हणाला आणि जेवायला लागला.

मीठभाऊने त्याच्याकडे पाहिलं. साडूने मान वर केली नाही. उपकार केल्याचा आव नाही, काही नाही. आजवर आम्लांचा हेवा होता, मुखवट्याचा होता. आता या मोठेपणाचाही हेवा करायचा का? ते काही त्याला सोसेना.

"शांत कुठलं," तो म्हणाला. "माझ्यामुळे मजला रिकामा झाला." आणि त्याने लाल लेबलापासून ताकिदीपर्यंत सगळं सांगून टाकलं. का लावलं, तेही. बायकोने घास खाली ठेवला. मेव्हणी नवऱ्याकडे बघायला लागली.

सासऱ्यांनी विचारलं, "डोळा किती वेळ धुवायचा असतो?"

"पंधरा मिनिटं. पापणी उघडी धरून."

"कुठली पापणी, वरची का खालची?"

"दोन्ही," मीठभाऊ म्हणाला आणि बोटांनी स्वतःच्या डोळ्यावर करून दाखवू लागला. पोरं घास हातात धरून बघत होती. "आम्ल गेलं तर आणखी जास्त वेळ," साडूने मध्येच भर घातली, आणि पोरांच्या माना लगेच तिकडे वळल्या.

मीठभाऊला ते लागलंच. पण त्याने साडूला बोलू दिलं.