आधी पट्टी

अक्काला अक्का म्हणायला कोणी सुरुवात केली ते तिलाही आठवत नव्हतं. ती धुलाईखान्यात कामाला लागली तेव्हा तिथल्या निम्म्या बायका तिच्याहून वयानं मोठ्या होत्या, तरी त्याही अक्काच म्हणायच्या. चूक कोणाचीही असो, मुकादमाशी भांडायला हीच पुढे. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. धुऊन, पिळून त्या ओल्याच मोठ्या रोलरपाशी आणायच्या, दोघींनी दोन टोकं धरून तापलेल्या रोलरखाली सरकवायच्या, की पलीकडून कोरड्या, कडक होऊन बाहेर पडायच्या. एकटीचं ते काम नाही. दोघींचे हात एका लयीत चालावे लागतात, नाहीतर चादर तिरकी जाते आणि मुकादमाचं तोंड सुटतं.

अक्काची जोडीदारीण चिमणी. अंगावरून पडलेलं नाव नव्हतं ते, अंगानं बाई चांगली दणकट होती. दिवसभर तोंडाची चिवचिव चालायची म्हणून चिमणी. सुनेचं उलट बोलणं, नवऱ्याचा खोकला, घरमालकाचा चिक्कूपणा, सगळं चादरीबरोबर रोलरखाली जायचं. अक्का अर्धं ऐकायची, अर्धं सोडून द्यायची. पण चिमणी रजेवर असली की तिला काम सुचायचं नाही. मग जी कोणी दुसरी शेजारी उभी राहील तिच्यावर ती विनाकारण डाफरायची.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी होती. बोटं तिला लागली की रोलर जागच्या जागी थांबायचा. सोय मोठी शहाणपणाची, पण ज्यानं केली त्यानं ओली चादर कधी हातात धरली नसावी. चादरीला जराशी चुणी पडली तरी ती दांडीला लागायची, रोलर थांबायचा आणि आतली चादर करपायची. मग बोलणी कोणी खायची? म्हणून सकाळी आल्या आल्या जुन्या चादरीची पट्टी फाडायची आणि स्टुलावर चढून दांडी वर ओढून बांधून टाकायची, अशी तिथली रीतच होती. फाटक्या चादरी मुकादम स्वतः आणून द्यायचा. तपासणीला कोणी येणार असलं की "आज पट्टी नको" हेही तोच सांगून जायचा.

एकदा एकीचं बोट भाजलं होतं. मालकाची माणसं आली, बांधलेली दांडी पाहिली आणि सगळा ठपका तिच्यावरच ठेवून तिला घरी पाठवलं. तेव्हापासून अक्कानं सगळ्यांना बजावून ठेवलं, "काही झालं तर आधी पट्टी काढायची. बाकीचं नंतर." गाठही तिनं अशी बसवून दिली की एका ओढीत सुटावी. चिमणीकडून तर तिनं ती दहादा बांधून आणि सोडवून घेतली होती. चिमणी हसायची. म्हणायची, "अगं, पाठ झाली आता. झोपेतसुद्धा सोडवीन."

त्या दिवशी पट्टी अक्कानंच बांधली होती. एका चादरीची किनार उसवलेली होती, तिचा लोंबता दोरा अक्काच्या बोटांना गुंडाळला गेला आणि चादरीबरोबर उजवा हात आत गेला. चिमणीनं लाल बटण दाबलं. रोलर थांबला. पण रोलर थांबणं वेगळं आणि सुटणं वेगळं. बाजूचा दांडका खाली ओढल्याशिवाय तो वर उचलला जात नाही, आणि हात तर तापलेल्या लोखंडाखाली. अक्कानं चिमणीला धावताना पाहिलं. चिमणी दांडक्याकडे धावली नाही. तिनं स्टूल ओढलं, वर चढली, पट्टी सोडवली, खिशात कोंबली, खाली उतरली आणि मग दांडका ओढला.

किती वेळ गेला असेल? घड्याळाला विचारलं तर ते म्हणेल, फारसा नाही. अक्काच्या लेखी ती बाई अजून स्टुलावर चढतेच आहे. चढताना तिच्या एका पायातली चप्पल निसटली आणि तिनं ती पायानं चाचपून पुन्हा घातली, हेसुद्धा अक्कानं पाहिलं होतं.

इस्पितळात मनगटापासून हात काढावा लागला. शुद्धीवर आल्यावर अक्कानं डाव्या हातानं पहिल्यांदा अंगाखालची चादर चाचपली. कोपऱ्यातली घडी तिनं ओळखली. ती तिची आणि चिमणीचीच होती. चिमणीचं टोक नेहमी थोडं आत दुमडलं जायचं. "ही चादर काढा," ती नर्सला म्हणाली. दुसरी आणली, तीही धुलाईखान्यातलीच. शेवटी ती उघड्या गादीवर झोपली. नर्सला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

घरी आल्यावरही तिनं चादर अंथरू दिली नाही. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, मुळात अबोल माणूस. तो तिच्या झग्याची बटणं लावून द्यायचा, केस विंचरून द्यायचा, भांग वाकडा पाडायचा आणि त्याबद्दल मुकाट्यानं ऐकून घ्यायचा. पण दुपारी ती पडली की नसलेला हात कामाला लागायचा. चादरीची कड सरळ करायचा, चुणी काढायचा, आणि मग पोळायला लागायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जाईल हळूहळू. अक्कानं विचारलं, "हात गेला, मग हे कशाला मागे राहिलं?" यावर डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.

सरकारी कचेरीत भरपाईचा दावा लावला तो कामगार संघटनेच्या वकीलबाईंनी. बाई तरुण, पण पक्क्या. मालकाचं उत्तर आलं ते वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"अक्का, ते म्हणतात दांडी तपासली, उत्तम चालते. बोट लागलं की रोलर थांबतो. मग हात आत गेलाच कसा? त्यांचं म्हणणं, तुम्ही मुद्दाम दांडीखालून घातलात."

"मुद्दाम?" अक्का म्हणाली. "उजवा हात?"

"दांडी बांधलेली होती का? खरं सांगा. रोज बांधली जात होती आणि मुकादमाला ठाऊक होतं, असं कोणी सांगितलं तर दावा टिकेल. नाहीतर अवघड आहे."

ज्या पट्टीपायी नोकरी जाईल म्हणून अक्कानं इतकी वर्षं धाक घातला, ती जागेवर राहिली असती तर आज तीच तिच्या बाजूनं बोलली असती. बाकीच्या बायकांनी केव्हाच कानावर हात ठेवले होते. पट्टी? कसली पट्टी? अक्कानंच त्यांना तसं शिकवलं होतं. आता एकटी चिमणी उरली, आणि चिमणी अपघातानंतर एकदाही तिच्या दाराशी आली नव्हती.

अक्का तिच्या घरी गेली. दार सुनेनं उघडलं. चिमणी स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती, आणि घरात शांतता होती. त्या बाईच्या घरात शांतता, हेच मुळी अंगावर येण्यासारखं होतं.

"साक्ष द्यायची म्हणतात," अक्का म्हणाली.

"माझी नोकरी जाईल."

"तुझी दोन वर्षं राहिलीत. संघटना सांभाळून घेईल म्हणतात."

चिमणी ओटा पुसत राहिली. पुसलेलाच ओटा पुन्हा. "ते विचारतील, पट्टी कोणी काढली. मी म्हटलं मी, तर विचारतील कधी." तिचा आवाज चिरकला. "मला विचारू नका, अक्का."

इतक्या वर्षांत चिमणीनं तिला पहिल्यांदाच अहोजाहो केलं. तेव्हा अक्काला कळलं की हिला नोकरीची भीती नाहीच. हीही अजून त्या स्टुलावरच उभी आहे.

अक्काला राग नव्हता असं कोणी समजू नये. होता, आणि भरपूर होता. 'तुझी चप्पल गेली होती पायातली, ती घालायला थांबलीस तू,' हे वाक्य ती घरून तयार करून आली होती. ते तिच्या जिभेवर होतं. पण ते बोललं तर ही कचेरीत पाऊल टाकणार नाही, आणि दावा गेला म्हणजे गेलाच. शिवाय गाठ शिकवली कोणी? आधी पट्टी म्हणालं कोण?

"कधी म्हणजे?" अक्का म्हणाली. "तू दांडका ओढलास, माझा हात सुटला, मी खाली पडले. मग काढली असशील. मला काय ठाऊक, मला कुठे शुद्ध होती? बटण दाबल्यानंतरचं काही म्हणजे काही आठवत नाही मला."

चिमणी वळली. "काहीच नाही आठवत?"

"काहीच नाही."

"आधी दांडकाच ओढला मी," चिमणी हळूच म्हणाली. जणू चव घेऊन पाहत होती.

"मग तेच सांग."

कचेरीत चिमणीनं साक्ष दिली ती अशी की वकीलबाईसुद्धा बघत राहिल्या. पट्टी रोज बांधायचो, फाटक्या चादरी मुकादम द्यायचा, तपासणीच्या दिवशी सोडायला तोच सांगायचा, सगळं तिनं घडाघडा सांगितलं. मुकादमाचा चेहरा उतरला. अधिकाऱ्यानं विचारलं, "तुम्ही पट्टी केव्हा काढलीत?"

"हात सोडवल्यावर, साहेब. आधी धावत जाऊन दांडका ओढला."

अधिकारी अक्काकडे वळले. "तुमचंही हेच म्हणणं?"

अक्काचा नसलेला हात पोळू लागला होता. इतका, की तिनं डाव्या हातानं रिकामी बाही घट्ट धरली. "हो, साहेब," ती म्हणाली. अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं.

दावा मंजूर झाला. चिमणीचं कामही टिकलं, फक्त तिला रोलरवरून हलवून घड्या घालायला बसवलं. त्यानंतर ती सुट्टीच्या दिवशी अक्काकडे येऊ लागली. आली की घर भरून जायचं. ती भाजी चिरायची, अक्काच्या नवऱ्याला बाजूला सारून अक्काचे केस विंचरायची, भांग सरळ पाडायची आणि तोंडाचा पट्टा चालू. अपघाताची गोष्टही सांगायची, ऐकायला कोणी असलं की हमखास. पहिल्या पहिल्यांदा सांगताना ती अक्काकडे पाहायची नाही. घाईघाईत उरकायची. मग गोष्ट हळूहळू मोठी होत गेली. दांडका कसा जड होता, आपण दोन्ही हातांनी कशा लोंबकळलो, हे त्यात आलं.

परवा शेजारीण आली होती. चिमणीनं तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. दांडक्याशी आल्यावर तिचे डोळे खरोखरचे भरून आले.

"नशीब हो तुमचं," शेजारीण अक्काला म्हणाली, "अशी जोडीदारीण मिळाली."

अक्कानं चिमणीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर आता ती ओट्यापाशी पाहिलेली भीती शोधूनही सापडत नव्हती. चोरटेपणा नव्हता, लाज नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं. त्या खोलीत, त्या गावात, त्या स्टुलावर चढणारी बाई पाहिलेली आता अक्का एकटीच उरली होती.

"हो ना," अक्का म्हणाली. "लगेच धावली ती."