माणसाची जागा

आमच्या कम्प्युटर-रूममधल्या इंजिनिअर मॅडमनी तो कागद मला समजावून दिला नसता, तर मी विक्रोळीच्या कारखान्यातून धास्तीनेच गावी पळालो असतो. म्हणून आधी त्यांचं नाव घ्यायला हवं होतं. पण मी त्यांना कायम मॅडमच म्हटलं.

सातवीत शाळा सोडून मालवणाकडून आलेला मी वेल्डर. माती उचलणारा लोडर कलंडला तर ड्रायव्हर चिरडू नये म्हणून त्याच्याभोवती पोलादी पिंजरा असतो. तो मी बनवायचा, मग चाचणीसाठी जॅकने बाजूने दाबून वाकवायचा, की दुसरा बनवायचा. त्यावरच पोट. ऐंशीच्या दशकात एके दिवशी कळलं, आता पिंजरे कम्प्युटरमध्येच वाकवणार.

"तुझी वाट लागली रे," शेडमधला जोडीदार म्हणाला. "जा आता गावाक, मासे मारूक."

धास्ती होती, पण बघायचंही होतं. बूट दाराशी काढून त्या गारेगार खोलीत शिरलो. वाटलं, पडद्यावर लोडर कोलांटी खाताना दिसेल. तिथं तर एक पेन आपोआप कागदावर रेघा ओढत होतं.

"मॅडम, हे तर जाळं."

"जाळंच. पिंजरा दाबला की प्रत्येक गाठ किती सरकेल, ते हा कम्प्युटर मोजतो."

जाळ्याच्या मधोमध एक रिकामा चौकोन होता. "आणि आत मासा कुठंय?"

त्या हसल्या. "आत ड्रायव्हर. ही माणसाची जागा. पिंजरा वाकू दे, वाकायलाच हवा, मार तोच खातो. फक्त या जागेत घुसायचं नाही."

"आणि माझी जागा, मॅडम?"

"हा बोलतो ते खरं की खोटं, खरा पिंजरा वाकवल्याशिवाय कसं कळणार? तो तूच बनव."

बनवला. आत माणसाच्या जागी लाकडी खोकं ठेवलं. जॅक सुरू झाला, खांब करकरला आणि कागदावर होता तिथंच वाकला. खोक्याला शिवला नाही. मला आनंद झाला आणि लगेच वाटलं, मग आता माझं काय काम?

पुढे पिंजरे कमी झाले, खरं आहे. पण मॅडमनी साहेबांना सांगितलं, चाचणीचा प्रत्येक पिंजरा एकाच हातचा हवा, नाहीतर ताळा कसा जुळायचा? माझी जागा राहिली.

त्या चाचणीच्या दिवशी शेडमध्ये मॅडम हळूच म्हणाल्या होत्या, "मला वेल्डिंगचा एक टाका मारून बघू दे ना." सुपरवायझर ओरडला, बायकांचं काम नाही हे.

तो टाका राहिलाय. कधीतरी गाठीन त्यांना, माझा वेल्डिंगचा होल्डर आणि डोळ्यांपुढची काळी काच त्यांच्या हातात देईन, आणि बाजूला उभा राहीन.